दोन उजवे हात

सर वर्गात आले की आधी हजेरी नाही, खडू नाही. टेबलापुढे उभे राहायचे, दोन्ही हात छातीशी आणायचे, डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांत अडकवायचे आणि दोन्हीकडून जोर लावून ओढायचे. बोटं सुटायची नाहीत. सरांचा चेहरा लाल व्हायचा. मग एकदम हात मोकळे करून म्हणायचे, "बघितलं? एकट्याचं काम न्हाई हे!"

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, सरांची बोटं दुखत असावीत.

तुम्हीही असे एखादे मास्तर पाहिले असतील, ज्यांचा विषय त्यांच्या अंगात आलेला असतो. आमच्या सरांच्या अंगात प्रोटीन आलं होतं, आणि तेही एकच. रसायनांची नावं ते विसरत, परीक्षेच्या तारखा विसरत, एकदा तर स्वतःचा डबा पॅसेंजरमध्ये विसरून आले. पण त्या प्रोटीनची घडी कुठे वळते, कुठे मुडपते, हे ते झोपेतही सांगू शकले असते.

मी तेव्हा परभणीच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद मिटला नव्हता. कधी मोर्चा निघे, कधी बंद असे, कधी एसटी डेपोतून बाहेरच पडत नसे. माझं गाव गंगाखेडजवळ. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे कुठे उभं राहावं, कुणाशी काय बोलावं, हे मला कळत नसे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर जात नसे. उजवा हात मांडीखाली दाबून बसायची मला सवयच लागली होती.

सरांनी ती बरोबर हेरली. "काय गंगाखेड," ते म्हणाले (ते मला कायम गावाच्याच नावानं हाक मारत), "हात पळून जायलाय का? दाबून का धरलाय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण हात काढला नाही.

सरांचं प्रोटीन एका विषाणूच्या कवचातलं होतं. मला ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही, पण प्रयत्न करतो. विषाणूच्या आत आरएनएचा धागा असतो. पुढचे विषाणू कसे घडवायचे, त्याचा तो लिहिलेला निरोप. हा धागा धरून ठेवायचं काम त्या प्रोटीनचं. प्रोटीनच्या त्या धरणाऱ्या भागाला पुस्तकात डोमेन म्हणतात. सर मूठ म्हणत. आणि गंमत ही, की एकट्या मुठीला धागा धरता येत नाही. तिच्यासारखीच दुसरी मूठ येऊन तिला बिलगते, दोघींची मिळून एक रुंद चटई होते, आणि त्या चटईवर धागा बसतो. अशा जोडीला डायमर म्हणतात.

एकदा सरांनी मला विचारलं, "घरी काय करतात?"

मी हळूच म्हणालो, "ऊसतोड."

"किती जण जातात?"

"आई आणि वडील. एक कोयता."

"दोघं जातात ना? मग एक कोयता कसा?"

मी सांगितलं. मुकादम टोळी बांधतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. वडील तोडतात, आई मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता.

सर खुर्चीतून उठलेच. "अर्धा कोयता! अरे, मी इतकी वर्षं डायमर शिकवायलोय आन् मला हा शब्द मालूम न्हाई?" आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: डायमर म्हणजे एक कोयता.

आईवडिलांचं काम मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते शब्द आठवडाभर फळ्यावर होते. कुणी पुसायला गेलं की सर ओरडत, "राहू द्या ते!"

सरांचं स्टाफरूममध्ये कुणाशी फारसं जमत नसे. नामांतराच्या बाजूनं त्यांनी एका निवेदनावर सही केली होती. "बदलू द्या की नाव," ते सरळ म्हणत, "नाव मोठं झाल्यानं आपण लहान होतो का?" तेव्हापासून त्यांच्या टेबलाशी डबा खायला कुणी बसत नसे. सरांनी तक्रार केली नाही. डबा घेऊन प्रयोगशाळेत यायचे आणि मी असलो की अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचे. घरी तरी त्यांचं कोण होतं? बायको फार पूर्वी गेली होती. चुडाव्याला भावाच्या घरी राहायचे आणि रोज पॅसेंजरनं जा-ये करायचे.

त्या वर्षी माझ्यासाठी एकच गोष्ट महत्त्वाची होती. शेवटच्या सेमिनारला हैदराबादहून एक परीक्षक येणार होते. आमच्यातला एक विद्यार्थी ते संशोधनासाठी आपल्याकडे नेणार, असं कळलं होतं. निवड झाली नाही तर दिवाळीनंतर मी टोळीबरोबर जाणार होतो. वडिलांनी मुकादमाला तसं सांगूनही ठेवलं होतं. रागानं नाही, त्यांच्या दृष्टीनं शिकून झालं होतं.

"तुमचा सेमिनार आपल्या मुठीवर," सरांनी ठरवून टाकलं. "नुसतं बोलायचं न्हाई. मूठ टेबलावर ठेवायची!"

हैदराबादच्या एका मित्रानं त्यांना त्या प्रोटीनच्या चित्राची झेरॉक्स पाठवली होती. झेरॉक्सची झेरॉक्स असावी. सगळं काळं. त्या एका कागदावरून आणि सोबतच्या आकड्यांवरून आम्ही दोन महिने नमुना बनवत बसलो. गोड्या तेलाचा डबा कापून पत्र्याच्या पाच पट्ट्या केल्या आणि शेजारी-शेजारी तारेनं विणल्या. ही चटई. चटईच्या एका कडेला ज्वारीच्या धाटाचा लांब तुकडा बसवला. हा मुठीचा हात, शेजारणीला कवटाळणारा. वळणांना सायकलची व्हॉल्व्हट्यूब. आरएनएच्या जागी लाल रंगवलेली सुतळी.

येणारे-जाणारे प्राध्यापक दारातून डोकावत. "काय सर, पोळ्याला बैल करायलात का?"

"बैल न्हाई, जोडी!" सर आतून ओरडत, आणि पुन्हा कामाला लागत.

पहिली मूठ झाली. दुसरी करायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "आता हिची जोडीदारीण. ही उजवी झाली ना, मग ती डावी करायची. आमच्या घरी बैलांचं बघा. उजवा तो उजवाच, डावा तो डावाच. बदलून जुंपले तर तासभर जागचे हलत न्हाईत."

झेरॉक्समध्येही दोन मुठी तशाच दिसत होत्या, एकीसमोर एक, आरशात बघितल्यासारख्या. मी गावचाच माणूस. जोडी म्हटल्यावर मलाही बैलच आठवले. आम्ही दुसरी मूठ पहिलीच्या उलट बनवली.

दोन्ही जोडायला गेलो तर दोघींचे हात एकाच बाजूनं आले आणि एकमेकांवर आपटले. मागची बाजू उघडीच. सोडलं की जोडी मागे कलंडायची.

"धाट जाड झालंय," सर म्हणाले. आम्ही धाट तासलं. तरी कलंडायची. शेवटी सरांनी मागच्या फटीत काडेपेटीतली एक काडी रोवली. जोडी उभी राहिली.

"काडीचं काय सांगायचं, सर?" मी विचारलं.

"काडी कुणाला दिसायलीय?" ते म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

सेमिनारच्या आदल्या दिवशी मला गावी जावं लागलं. चुलत बहिणीचं लग्न होतं आणि हळद दळायची होती. गावात गिरणी आहे, पण लग्नाची हळद जात्यावरच दळतात. सकाळी ओसरीवर आई आणि चुलती जात्याला समोरासमोर बसल्या होत्या. मी बाजूला भिंतीला टेकून मनातल्या मनात सेमिनार घोकत होतो.

आई माझ्या डावीकडे होती, चुलती उजवीकडे. दोघी एकच खुंटा धरून ओढत होत्या. बाजूनं बघितलं तर दोघी अगदी आरशातल्यासारख्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आईचा हात माझ्या जवळच्या बाजूनं खुंट्यावर आला होता आणि चुलतीचा पलीकडच्या बाजूनं.

मी उठून उभा राहिलो. "आई, तू कोणत्या हातानं दळायलीस?"

"उजव्या."

"आणि काकू?"

"उजव्याच की," आई म्हणाली. "डाव्या हातानं कोण हळद दळतंय?"

"मग तुम्ही दोघी उजव्याच!"

चुलतीनं जातं थांबवलं. "ह्ये बघा बया! सोळा वर्षं शिकलं पोरगं, आन् आता जातं बघायलंय!"

"काकू, तसंच बसा. हलू नका."

"हलू नको तर दळू कशी? का तू येतूस बसायला?"

मी त्यांच्या भोवती फिरलो. एक पूर्ण फेरी मारली. आईच्या मागून बघितलं, मग चुलतीच्या मागून. दोन्हीकडून दृश्य तेच! जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती आईला अर्धा वळसा दिला असता तर ती बरोबर चुलतीच्या जागी बसली असती, चुलती आईच्या. यात आरसा कुठेच नव्हता. होता फक्त अर्धा वळसा. झेरॉक्समध्ये पुढचं आणि मागचं सगळं एकाच काळ्या रंगाचं. एक हात जवळून येतोय आणि एक पलीकडून, हे त्यात दिसणारच नव्हतं.

आणि मुठी दोन असल्या तरी त्यांना घडवणारा निरोप एकच. साचा एकच. एका साच्यातून उजवी चप्पल आणि डावी चप्पल कशी निघेल?

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी आईच्या हळदीनं भरलेल्या हाताला हात लावला आणि पिशवी उचलली.

"आरं, हळद लागली शर्टाला!" आई मागून म्हणाली. "जेवून तर जा!"

त्या दिवशी कुठेतरी बंद होता, एसटी नव्हती. गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो. गाडीत बसल्यावर मात्र आनंद उतरला. सरांना सांगायचं कसं? मी बरोबर असेन तर दोन महिन्यांचं काम चुकीचं. ज्या नमुन्याला सगळं कॉलेज हसत होतं, तो खरोखरच हसण्यासारखा. आणि मी गप्प बसलो तर? परीक्षकांना कदाचित कळणारही नाही. काडी कुणाला दिसतेय?

सेमिनारच्या सकाळी मी परभणीच्या प्लॅटफॉर्मवर सरांची वाट बघत उभा होतो. सर उतरले ते बोलतच. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.

"सर, ती दुसरी मूठ..."

"चला, चहा घेऊ!"

चहा घेतला. "सर, ती दुसरी..."

"परीक्षक कडक आहेत म्हणे. घाबरायचं बिलकुल न्हाई."

कॉलेजच्या फाटकापर्यंत मी चार वेळा सुरुवात केली आणि चार वेळा गिळली. प्रयोगशाळेत सर नमुन्यावरची धूळ रुमालानं टिपायला लागले. इतकं हळू टिपत होते, की मला राहवलं नाही.

"सर, आपण बैल जुंपलेत," मी म्हणालो. "त्या बैल नाहीत."

सरांचा रुमाल थांबला. मी जातं सांगितलं, खुंटा सांगितला, साचा सांगितला. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. सरांनी चष्मा काढला. वाकून ती काडी बघितली.

मग ते खाली फरशीवर मांडी घालून बसले. इस्त्रीच्या शर्टासकट.

"बसा समोर," ते म्हणाले.

प्रयोगशाळेतलं बुटकं, गोल फिरणारं स्टूल आम्ही मध्ये घेतलं. मी एका कडेला उजवा हात धरला, सरांनी समोरच्या कडेला त्यांचा उजवा. आम्ही स्टूल फिरवलं. एकदा, दोनदा, दहादा. सर स्वतःच्या हाताकडे बघत, मग माझ्या हाताकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, तसा मी कुणाचाच पाहिला नाही.

"अरे, अरे, अरे!" ते ओरडले. "प्रोटीनमधले अमिनो आम्लांचे सगळे मणी एकाच हाताचे, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो! आन् स्वतः डावी मूठ करून बसलो! फिरवा गंगाखेड, अजून फिरवा!"

दार उघडलं. विभागप्रमुख, मागे दोन प्राध्यापक आणि त्यांच्या मध्ये पांढऱ्या शर्टातले परीक्षक.

"ये क्या चल रा मास्टर साब?" परीक्षकांनी विचारलं.

सर स्टूल न सोडता म्हणाले, "दळायलोत, साहेब."

सेमिनारच्या खोलीत मी उभा राहिलो, टेबलावर ती काडीवाली जोडी. मी तोंड उघडायच्या आत सर मागून उठले.

"एक मिनिट. हा नमुना चुकीचा आहे. चूक माझी. मी बैलजोडी केली. या विद्यार्थ्यानं आणि याच्या आईनं ती पकडली. आता तो बोलेल."

शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दोन महिने खेळणं केलं, तेही उलटं!" सगळी खोली हसली. सर सगळ्यांहून मोठ्यानं हसले. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. तो पडला नाही, म्हणून माझं तोंड उघडलं. मी चाळीस मिनिटं बोललो. उजव्या हातानं चूक दाखवली, उजव्या हातानं फळ्यावर जातं काढलं. तो हात कधी वर गेला, मला कळलंही नाही.

परीक्षकांनी पुढे येऊन काडीला बोट लावलं. "बातां अच्छे कर रे तुम. मगर ये काडी निकाल को खड़ा करो, तब मानता मैं. कल चार बजे की गाड़ी है मेरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही पत्रा कापायला बसलो. पहिल्या मुठीला दोन महिने लागले होते, पण आता तीच साचा होती. तिच्यावरून कागद कापायचा, कागदावरून पत्रा. मोजमाप नाही, अंदाज नाही. जशी ती तशीच ही. माझा अंगठा पत्र्यानं कापला, सरांनी रुमालाची चिंधी बांधली आणि म्हणाले, "चला, विश्रांतीला फुरसत न्हाई." साडेतीनला शेवटची तार पिळली. जोडून बघायलाही वेळ उरला नव्हता.

सायकल सरांनी चालवली. मी मागे बसलो, दोन्ही हातांत दोन पिशव्या, प्रत्येकीत एक मूठ. रस्त्यात सर चढावर धापा टाकत विचारत होते, "राहील का हो उभी?" मी म्हणत होतो, "राहील, सर!" मग उतारावर मी विचारायचो, "राहील का, सर?" आणि ते म्हणायचे, "न राहून जाईल कुठं!"

गाडी लागलेली होती. परीक्षक खिडकीत बसले होते. आम्ही प्लॅटफॉर्मच्या बाकावर पिशव्या सोडल्या. एक मूठ सरांनी धरली, एक मी, आणि समोरासमोर सरकवल्या. माझ्या मुठीचा हात जवळच्या बाजूनं सरांच्या मुठीवर गेला, त्यांच्या मुठीचा हात पलीकडून माझ्या मुठीवर आला. दोन धाटं एकमेकांच्या आड आलीच नाहीत. दोन चटया कडेला कड लागून बसल्या, दहा पट्ट्यांची एक चटई. टक् असा लहानसा आवाज झाला.

"सोडा," सर म्हणाले.

"तुम्ही आधी सोडा, सर."

"दोघं मिळून. एक, दोन..."

आम्ही हात काढले. जोडी उभी होती.

सरांनी लाल सुतळी चटईवर ठेवली. गाडीनं शिट्टी दिली, बाक हादरला. सुतळी घसरली नाही. परीक्षक खिडकीच्या गजांना तोंड लावून बघत होते. चहावाला बघत होता, हमाल बघत होता. "क्या है जी वो?" हमालानं विचारलं. सर म्हणाले, "एक कोयता!"

गाडी हलली. परीक्षकांनी खिडकीतून बोट माझ्याकडे केलं. "जून में आ जाओ हैदराबाद. और वो काडी संभाल को रखो!"

मला रडू येत होतं आणि हसूही. सरांनी सवयीनं दोन्ही हात छातीशी आणले, डाव्या बोटांत उजवी बोटं अडकवली, ओढली, "एकट्याचं..." म्हणाले आणि मध्येच थांबले. आपल्या अडकलेल्या बोटांकडे बघत राहिले. एक डावा, एक उजवा.

"हे पण बैलच की," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं मी एकट्याच्याच हातांनी जोडी दाखवायलोय."

त्यांनी बोटं सोडवली, आणि माझा चिंधी बांधलेला उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला. आडवा, घट्ट. तो हस्तांदोलनाचा हात होता, पण त्यांनी तो हलवला नाही. नुसता फिरवून वरून, खालून, पलीकडून बघितला. "हां," ते म्हणाले. "अशी असते."

त्यानंतर सरांनी वर्गात बोटं कधी अडकवली नाहीत. आले की कुणालाही पुढे बोलवायचे, जो सगळ्यांत मागे बसला असेल त्याला, आणि त्याचा उजवा हात हातात घ्यायचे. मग म्हणायचे ते तेच.

मी हैदराबादला निघालो तेव्हा ते स्टेशनवर आले. पाया पडायला वाकलो तर त्यांनी उजवा हात पुढे केला. खरी जोडी पिशवीत घालून मला दिली. चुकलेली मूठ मात्र दिली नाही. "ती माझी आहे," म्हणाले.

पुढे त्यांची पत्रं येत. पोस्टकार्ड, चार ओळी. शेवटी कायम एकच प्रश्न: "काडी रोवावी लागली का?" मीही कायम तेच उत्तर लिहायचो: "अजून नाही, सर."

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं, त्याच हिवाळ्यात सर गेले. त्यांच्या भावाचं पत्र मला उशिरा मिळालं. मी चुडाव्याला उतरलो तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

भाऊ सरांसारखाच दिसत होता, फक्त उन्हात रापलेला. मी विचारलं, नामांतराची बातमी सरांना कळली होती का?

"कळली की. अंगात ताप, आन् मला पेढ्याला पाठवलं. आख्ख्या गल्लीत वाटले. काय लोकांनी घेतले, काय न्हाई घेतले." तो थोडा हसला. "चला, तुमाला एक दाखवतो."

तो मला गोठ्यात घेऊन गेला. दोन बैल उभे होते, उजवा उजवीकडे, डावा डावीकडे. त्यांच्या डोक्यावर, आढ्याला, सुतळीनं टांगलेली ती मूठ. आमची डावी मूठ. पत्रा गंजला होता, तासलेलं धाट अजून तसंच होतं.

"कालेजातून आणली आन् इथंच लावली," भाऊ म्हणाला. "म्हणं, ही बैलायची हाय, चुकून माझ्याकडं आलती. मला तर त्यातलं काय कळत न्हाई. फेकू नको म्हणले, तर न्हाई फेकली."

वाऱ्यानं मूठ सावकाश फिरत होती. माझ्या पिशवीत जोडी होती, पण ती बाहेर काढावीशी वाटली नाही.

निघताना मी नमस्कार केला. भावानंही हात जोडले. मग काहीतरी आठवल्यासारखे सोडले, धोतराला पुसले आणि जरा लाजत उजवा हात माझ्यापुढे धरला.

"गंगाखेडचा येईल, तेव्हा असं करायचं म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "बराबर हाय ना?"

मी माझा उजवा हात त्याच्या हातात दिला. कासऱ्यानं घट्टे पडलेला, खरखरीत हात होता. मागे गोठ्यात घुंगरू वाजलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "अशीच असते."